क्वाएट म्हणायचं नाही

“नेक्स्ट!” स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या. शिपायाचं काम त्यांच्याकडे होतं आणि कणीक मळता मळता त्या ते करत होत्या.

मी, हेमंत आणि मधे गार्गी, असे तिघं आतल्या खोलीतून बाहेर आलो. जेवणाच्या टेबलापलीकडे आप्पा बसले होते. अंगावर सासूबाईंची शाल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात देवघरातली घंटा. माझे सासरे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि कारखान्याच्या गणपतीत दरवर्षी नाटकातला न्यायाधीश व्हायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना पहिल्यांदाच भूमिका मिळाली होती, तीही मुख्याध्यापिकेची, आणि ते ती चवीने करत होते.

“मे आय कम इन, मॅडम?” मी विचारलं.

“येस, येस. सिट डाऊन. चहा घेणार?”

“आप्पा, तिथे चहा विचारत नाहीत,” हेमंत म्हणाला.

“मग कसली शाळा ही?” आप्पांनी घंटा वाजवली आणि टेबलावरून वाकून गार्गीकडे पाहिलं. “व्हॉट इज युवर नेम?”

गार्गीने घंटेकडे पाहिलं.

“गार्गी!” आतून सासूबाई.

“सांग बाळा, गार्गी म्हण,” मी.

“गार्गी हेमंत माळवदे,” हेमंतने पुरं केलं.

“व्हेरी गुड,” आप्पा म्हणाले आणि हवेत मार्क दिल्यासारखा हात फिरवला.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. सांगलीतल्या त्या इंग्लिश शाळेत बालवर्गासाठी जागा थोड्या आणि आईबाप फार, अशी परिस्थिती होती. तिथे मुलाची मुलाखत घेत नसत. मुलाखत घ्यायची नाही असा सरकारचा नियम असल्यामुळे तिला ‘इंटरॅक्शन’ म्हणत. इंटरॅक्शनमध्ये आईवडील खुर्चीत बसायचे, मूल मधे उभं राहायचं, आणि बाई प्रश्न विचारायच्या. गेल्या वर्षीचे प्रश्न आमच्या खालच्या मजल्यावरच्या मंजिरीताई घोरपड्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवले होते. त्यांचा शौर्य त्या शाळेत लागला होता.

त्यातला शेवटचा प्रश्न माझ्या छातीवर बसला होता. ‘तुमच्या मुलाचं एका शब्दात वर्णन करा.’ इंग्लिशमध्ये, अर्थात.

“शौर्यच्या वेळी मी ‘कॉन्फिडंट’ म्हटलं,” मंजिरीताई म्हणाल्या होत्या. शौर्यने त्याच वेळी बाईंच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून खिशात घातला होता, त्यामुळे त्यांचा शब्द बाईंना लगेच पटला असावा.

“नाऊ, मिसेस माळवदे,” आप्पांनी आवाज बारीक केला. “डिस्क्राइब युवर चाइल्ड. वन वर्ड ओन्ली.”

मी पदर सारखा केला. “क्वाएट,” म्हटलं.

आप्पांनी चष्मा काढला. मुख्याध्यापिका गेल्या आणि आजोबा आले. “क्वाएट? अगं, असं सांगितलंस तर त्या बाई म्हणतील, पोरीला बोलताच येत नाही. नेक्स्ट म्हणून मोकळ्या होतील.”

“मग काय म्हणू? आहेच ती शांत.”

“शांत असणं निराळं आणि सांगणं निराळं.”

गार्गी तेवढ्यात टेबलाखाली गेली होती. तिची आवडती जागा. तिथून तिला आमचे पाय दिसायचे, आणि पायांशी तिचं जास्त जमायचं.

माझी काळजी त्या शाळेपुरती नव्हती. नाव ठेवलं गार्गी, भर सभेत ऋषींना प्रश्न विचारणारीचं, आणि आमची गार्गी साडेतीन वर्षांची झाली तरी परक्या माणसासमोर चकार शब्द काढायची नाही. मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहायची. भाजीवाल्या मावशींनी गाजर पुढे केलं तरी नाही, लग्नात कुणी गाल ओढला तरी नाही. प्रत्येक वेळी तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणायचे, “लाजते ती. घरी खूप बोलते.” हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की माझं मलाच खोटं वाटायला लागलं होतं. तिचे कान तपासून झाले होते. जीभ बघून झाली होती. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘सगळं उत्तम आहे, तुम्ही जरा काळजी कमी करा.’ ती कमी कशी करायची, ते मात्र त्यांनी लिहून दिलं नव्हतं.

तेव्हा शब्द शोधायचा ठरला. हेमंतने माळ्यावरून माझी कॉलेजातली डिक्शनरी काढली. तिची पाठ सुटलेली होती आणि ‘ए’ची पहिली पानं झुरळांनी खाल्ली होती, पण ‘क्यू’ शाबूत होता. झुरळांना क्यूमध्ये रस नसावा. हेमंत ठिबक सिंचनाच्या पाइपांची एजन्सी चालवायचा. इंग्लिश त्याला पाइपांच्या व्यासापुरतं लागायचं, पण वाचायची हौस दांडगी.

“सायलेंट,” त्याने वाचलं.

“दवाखान्याबाहेर पाटी असते,” आप्पा म्हणाले. “हॉर्न वाजवू नये.”

“काम.”

“कोणतं काम?”

“सी ए एल एम, आप्पा. काम. म्हणजे शांत.”

“असू दे, असू दे,” सासूबाई कणकेचे हात घेऊन दारात आल्या. “कामाची आहेच माझी छकुली. काल लसूण सोलून दिलान तिने.” सासूबाईंचं माहेर कोकणातलं, आणि भरून आलं की बोलण्यातून ते डोकवायचं.

“पीसफुल.”

“नको गं बाई!” त्यांनी पिठाचाच हात कपाळाला लावला. “ते गेलेल्या माणसाला म्हणतात. ग्रुपवर येतं ना, फोटोखाली.”

“रिझर्व्हड,” हेमंत थांबला. त्याला शब्द आवडला. “हा भारी आहे. वजन आहे याला.”

“एसटीच्या सीटवर लिहिलेलं असतं,” मी म्हटलं.

“मग? राखीव सीटला मान असतो,” आप्पा म्हणाले. “पुढे वाच.”

“टॅसि... टॅसिटर्न.”

आप्पांनी चष्मा वर सरकवून पानाकडे पाहिलं.

“हे औषध आहे,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “रोज सकाळी जेवणाआधी घ्यायचं.”

“शाय,” हेमंतने पान उलटलं. “शाय सोपा आहे. म्हण शाय.”

“शाय नको,” मी जरा जोरातच म्हटलं असणार, कारण टेबलाखालून गार्गीने माझ्या पायाचा अंगठा धरला.

मला ‘शाय’ का नको होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आम्हाला शाळेत इंग्लिश पाचवीपासून होतं, पण ‘कीप क्वाएट’ पहिलीपासून. बाई वर्गात आल्या की पहिलं वाक्य तेच. मी ते वाक्य मनापासून पाळलं. माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘शांत व समंजस’ असा शेरा यायचा आणि माझी आई तो शेजारपाजारी दाखवून यायची. दहावीपर्यंत त्या शेऱ्यावर माझं छान चाललं. अकरावीत सायन्सला गेले आणि तिथे सगळं इंग्लिशमध्ये. सर प्रश्न विचारायचे, उत्तर मला यायचं, अगदी ओठांपर्यंत यायचं, आणि मागच्या बाकावरची कुणीतरी तेच उत्तर देऊन ‘गुड’ घेऊन जायची. बी.एस्सी. होईपर्यंत मी असे पुष्कळ ‘गुड’ दुसऱ्यांना दिले. कॉलेज संपताना एक मॅडम माझ्याविषयी दुसऱ्या मॅडमना म्हणाल्या, ‘शी इज व्हेरी शाय.’ चांगल्याच अर्थाने म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

म्हणून ही शाळा हवी होती. माझ्या मुलीने तिथे साडेतीन वर्षांची असल्यापासून इंग्लिशमध्ये भांडावं, एवढीच माझी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी मंजिरीताई विरजण मागायला वर आल्या. गार्गी गॅलरीच्या उंबऱ्यावर कपड्यांचे चिमटे घेऊन बसली होती.

“काय गं गार्गी, मामाच्या गावाला गेली होतीस ना? काय काय खाल्लंस?”

“हुरडा,” मी म्हटलं. “आणि मग पोट बिघडलं.”

“कुणाशी खेळलीस?”

“मामाची रेडी आहे ना, तिच्याशी. सोडतच नव्हती तिला.”

गार्गीने आळीपाळीने आमच्या दोघींकडे पाहिलं आणि ती पुन्हा चिमट्यांकडे वळली.

“लाजते ती,” मी म्हटलं. “घरी खूप बोलते.”

“हो का,” मंजिरीताई म्हणाल्या, ज्या सुरात माणसं दुसऱ्याच्या घरातल्या वाय-फायचं कौतुक ऐकतात त्या सुरात. “मग तू एक कर. सरळ ‘इंट्रोव्हर्ट’ म्हण. हल्ली तीच फॅशन आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक इंट्रोव्हर्ट असतात.”

“एवढीशी पोर इंट्रोव्हर्ट?”

“का? आमचा शौर्य एवढासाच होता, तरी कॉन्फिडंट होताच ना?”

त्या विरजण घेऊन गेल्या. मी दाराआड उभी राहिले. हे मी रोज करायचे: बाहेरचं माणूस गेलं की गार्गी बोलायला लागायची आणि मी लपून ऐकायचे, तिचे उच्चार नीट आहेत का, शब्द पुरे म्हणते का. त्या दिवशी तिने चिमटे ओळीने उभे केले होते. हिरवा मोठा चिमटा समोर बसून लाल चिमट्याला विचारत होता, “तुझं नाव काय?” लाल चिमटा गप्प. मग पिवळा चिमटा पटकन म्हणाला, “लालू!” निळा म्हणाला, “लालू चिमटे.” पांढरा म्हणाला, “त्याला भूक लागलीये.” आणि हिरवा चिमटा म्हणाला, “व्हेरी गुड.”

तिचा ‘ल’ किती स्वच्छ आहे, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी जाऊन दूध तापवलं.

संध्याकाळी आप्पांनी घंटा वाजवून सगळ्यांना बोलावलं. ते दिवसभर डिक्शनरी घेऊन बसले होते. आता शाल नव्हती, म्हणजे ते न्यायाधीश म्हणून बसले होते.

“निकाल ऐका,” ते म्हणाले. “रिझर्व्हड नको, त्यात हिचं एकटेपण दिसतं. काम नको, लोक तब्येत विचारतील. ही शांत बसते तेव्हा करते काय? विचार करते. म्हणून शब्द ठरला, थॉटफुल.”

“थॉटफुल,” हेमंतने म्हणून पाहिलं. “भारी आहे.”

खरंच चांगला होता. मी चार-पाच वेळा म्हणून पाहिला. प्रत्येक वेळी गार्गी जरा उंच झाल्यासारखी वाटली.

“आणि त्या दिवशी,” आप्पांनी बोट सगळ्यांवरून फिरवलं, माझ्यावरून, हेमंतवरून, सासूबाईंवरून, मग खाली वाकून टेबलाखालीसुद्धा, “क्वाएट हा शब्द कुणीही काढायचा नाही. काय? क्वाएट म्हणायचं नाही. थॉटफुल म्हणायचं.”

“आणि तू,” मी हेमंतला म्हटलं, “तू तिथे काहीच म्हणायचं नाहीस. तू ‘गुड मॉर्निंग’ म्हटलंस की पुढे पाइपांची चौकशी केल्यासारखं वाटतं.”

“मी हसू तरी का?”

“एकदा. आत गेल्यावर.”

इंटरॅक्शनच्या दिवशी आप्पा आमच्याबरोबर आले. आत सोडणार नाहीत हे माहीत होतं, पण ते म्हणाले, “मी बाहेर बसतो. आत काही अडलं तर बाहेर आधार असावा.” शाळेच्या व्हरांड्यात आईबापांची रांग होती. प्रत्येक आई मुलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. देवळात प्रदक्षिणा घालताना बायका पुटपुटतात तसं. एक वडील आपल्या मुलाला ‘ग्रीन ॲपल, रेड ॲपल’ म्हणायला लावत होते आणि मुलगा ‘भूक लागली’ म्हणत होता. मी गार्गीचे केस पुन्हा बांधले. ते सुटलेले नव्हते.

“माळवदे,” खऱ्या शिपायाने हाक मारली. सासूबाई जास्त चांगल्या ओरडायच्या.

खऱ्या मुख्याध्यापिका, इनामदार बाई, शाल घेऊन बसलेल्या नव्हत्या. साधी सुती साडी, कापलेले पांढरे केस, टेबलावर एका वाटीत फुटाणे. पेपरवेट कुठेच नव्हता. हेमंत ठरल्याप्रमाणे एकदा हसला. आम्ही बसलो. गार्गी मधे उभी राहिली आणि टेबलाची कड धरून फुटाण्यांकडे बघू लागली.

बाई पुढे झुकल्या. “हॅलो. व्हॉट्स युवर नेम?”

“गार्गी,” मी म्हटलं.

“गार्गी हेमंत माळवदे,” हेमंत म्हणाला. काही बोलायचं नाही हे त्याच्या लक्षात होतं, पण हे बोलण्यात धरलं जाईल असं त्याला वाटलं नसावं.

आणि खिडकीतून, व्हरांड्यातून, आप्पांचा आवाज आला, “गार्गी!”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. “ते कोण?”

“सासरे,” मी म्हटलं. “म्हणजे, फादर-इन-लॉ.”

“बरं.” त्यांनी पुन्हा गार्गीकडे पाहिलं. आता मराठीत विचारलं, “गार्गी, आज सकाळी काय खाल्लंस?”

“उपमा,” मी म्हटलं. “पण तिला शेंगदाणे आवडत नाहीत, ते काढून. ॲक्चुअली, लाजते ती. घरी खूप बोलते.”

बाई मागे टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. चेहरे वाचण्यात मी पटाईत आहे, सतत काळजी करणाऱ्या माणसाला ते येतंच, पण त्यांचा चेहरा मला लागला नाही. वाटलं, संपलं. गार्गीने एक शब्द काढला नव्हता. आता सगळा भार माझ्या एका शब्दावर होता.

“मिसेस माळवदे,” त्यांनी विचारलं, “इफ यू हॅड टू डिस्क्राइब गार्गी इन वन वर्ड?”

आला. नेमका तसाच आला, मंजिरीताईंनी सांगितला होता तसा. मी तोंड उघडलं.

एसटी फलाटाला लागली की सगळे एकदम दारात घुसतात आणि मग कुणालाच चढता येत नाही, तसं झालं. काम आला, रिझर्व्हड आला, पीसफुलही आला, ते औषधासारखं काहीतरी होतं तेही आलं, मागून इंट्रोव्हर्ट धक्के देत होता. जो ठरला होता तो कुठे होता? ‘थ’ने सुरू होत होता एवढं आठवत होतं. सगळ्यांच्या पुढे, दांडी धरून, ‘क्वाएट’ उभा होता, आणि तो तर म्हणायचा नव्हता.

मी हेमंतकडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. एकदा चूक झाली होती, आता जीव गेला तरी तो बोलणार नव्हता. खिडकीबाहेर आप्पाही गप्प होते. तो प्रश्न हळू आवाजात विचारल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोचलाच नसावा. बाई वाट बघत होत्या. अकरावीचा वर्ग, मागचा बाक, सगळं त्या खोलीत येऊन बसलं. उत्तर ओठांपर्यंत होतं आणि तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता.

आमच्या घरात एखादा प्रश्न इतका वेळ उत्तराशिवाय कधीच पडून राहिला नव्हता.

गार्गीने फुटाण्यांवरची नजर काढली. माझ्याकडे पाहिलं. मग बाबाकडे. मग खिडकीकडे. कुणीच काही म्हणत नव्हतं. तिने टेबलाची कड सोडली, माझ्या खुर्चीजवळ आली, हात वर करून पाठीवर ठेवायला गेली, पण पाठीपर्यंत हात पोचेना म्हणून गुडघ्यावर ठेवला. आणि बाईंकडे बघून स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाली,

“लाजते ती. घरी खूप बोलते.”

हेमंतच्या घशातून काहीतरी आवाज आला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अगदी गंभीरपणे मान हलवली, जशी एका मोठ्या बाईने दुसरीपुढे हलवावी.

“हो का? काय बोलते घरी?”

मी तोंड उघडणार होते. बाईंनी माझ्याकडे न बघता नुसता तळहात जरासा उचलला. मी मिटलं.

गार्गीने खात्री करून घेतली. माझ्याकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. मग ती थोडा वेळ थांबली. मला वाटलं, गेलं, आता नाही बोलणार. मला तिच्या वतीने निदान पाच उत्तरं सुचली, आणि ती पाचही मी गिळली.

“आई म्हणते, आप्पा, टीव्ही बारीक करा,” गार्गी म्हणाली. “आजी, तिला भरवू नका, तिचं ती खाईल. आणि मग आईच भरवते.”

“अच्छा.”

“आणि बाबाला म्हणते, तू फक्त हस.”

बाईंनी हेमंतकडे पाहिलं. तो हसला. त्याच्या वाट्याचं हसू खरं तर आधीच वापरून झालं होतं.

“आणि तू काय म्हणतेस?”

हा प्रश्न तिला बहुतेक कुणी विचारला नव्हता. तिने पुष्कळ विचार केला. बाईंना घाई नव्हती. बाहेर कुणाचा तरी मुलगा ‘रेड ॲपल’ म्हणत रडत होता.

“मी म्हणते,” गार्गीने वाटीकडे बोट केलं, “हे कुणाचे आहेत?”

बाईंनी वाटी पुढे सरकवली. तिने दोन फुटाणे घेतले. एक तोंडात टाकला आणि एक माझ्या हातावर ठेवला.

बाहेर आलो तर आप्पा दारातच. “काय झालं? थॉटफुल म्हटलंस ना? मी तर नावाचं उत्तर दिलं, ऐकू गेलं ना आत?”

“गेलं,” हेमंत म्हणाला. “चांगलं गेलं.”

पुढच्या आठवड्यात यादी लागली आणि तीत गार्गी होती. सासूबाईंनी शिरा केला, आप्पांनी सगळ्या कॉलनीला सांगितलं की तयारी त्यांनी करून घेतली होती. तीही गोष्ट खोटी नव्हती. आता गार्गी सातवीत आहे, त्याच शाळेत. घरात कुणी तिला काही विचारलं तर अजूनही आम्हा चौघांच्या माना एकदम वर होतात, आणि मग आम्ही एकमेकांकडे बघून त्या खाली घालतो. डिक्शनरीचा ‘क्यू’ही गेला. झुरळांना शेवटी रस लागला.

पण त्या दिवसाचं म्हणून मला जे आठवतं, ते यादीचं नाही. शाळेतून घरी आलो तेव्हाचं आहे. हेमंत गाडी लावत होता, आप्पा मागे होते, मी आणि गार्गी जिना चढत होतो. मंजिरीताई दार उघडून उभ्याच होत्या. आम्ही जाताना त्यांनी पाहिलं होतं आणि बहुधा तेव्हापासून दार लावलं नव्हतं.

“काय गं वृंदा! झालं का? विचारला का तो प्रश्न?”

“विचारला,” मी म्हटलं.

“मग? शेवटी कोणता शब्द सांगितलास?”

मी श्वास घेतला. खरं सांगायचं की थॉटफुल म्हणायचं, एवढंच ठरवायचं होतं. पण आमच्या घरात ज्याला विचारलं तो उत्तर देत नाही. माझ्या हाताला धरून एक पायरी वर उभ्या असलेल्या गार्गीने मंजिरीताईंकडे पाहिलं, भर दुपारी, परक्या दारासमोर, आपणहून.

“आई ना,” ती म्हणाली, “क्वाएट होती.”

मग तिला काहीतरी आठवलं. तिने मागे वळून जिन्याखाली पाहिलं, आप्पा अजून वर आले नव्हते. तिने मंजिरीताईंना खाली वाकायला लावलं आणि त्यांच्या कानाशी आवाज बारीक केला.

“पण तसं म्हणायचं नाही.”